हॉस्पिस निवडताना काय पाहाल? डॉ. सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट

कॅन्सरवर आता आणखी उपचार करून उपयोग नाही, पेशंटला हॉस्पिसमध्ये हलवा, असं मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं गेलं की नातेवाईक रिपोर्टांची पिशवी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे येतात. तुम्हीही कदाचित अशाच एखाद्या दुपारनंतर हा लेख उघडला असेल. त्या वेळी मनात दोन प्रश्न असतात. तिथे ठेवणं म्हणजे आपल्या माणसाला टाकून देणं होईल का? आणि ती जागा खरंच चांगली आहे, हे कसं ओळखायचं?

दुसऱ्या प्रश्नासाठी मी तुमच्या हातात एक यादी देऊ शकते. पण जागरणं झालेली असताना यादी डोक्यात राहत नाही, गोष्ट राहते. म्हणून आजच्या स्वरूपातलं हॉस्पिस ज्यांनी उभं केलं, त्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांच्याबद्दल सांगते. त्यांना एकेक गोष्ट जशी उमगत गेली, तशीच ती तुम्हाला तुमच्या जवळच्या हॉस्पिसमध्ये शोधायची आहे.

त्यांचा जन्म 22 जून 1918 रोजी लंडनजवळच्या बार्नेट इथला. घर सधन होतं. ऑक्सफर्डमध्ये राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकत असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा ते शिक्षण अर्धवट सोडून त्या लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला गेल्या. नर्स झाल्या, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम झेपेना. मग त्या हॉस्पिटलमधल्या समाजसेविका झाल्या. आपल्याकडे मेडिकल सोशल वर्कर म्हणतात, तेच काम. पेशंटच्या घरची परिस्थिती काय, पैसे कुठून येणार, घरी बघणारं कोण आहे, हे पाहायचं.

1947 मध्ये एका वॉर्डात त्यांना डेव्हिड तास्मा भेटले. पोलंडमधून आलेले ज्यू, लंडनमध्ये वेटरचं काम करणारे, वयाने चाळिशीच्या आसपास. कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेला आणि जवळचं कोणी नाही. सिसिली त्यांना भेटायला जात राहिल्या. शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी गजबजलेल्या वॉर्डापेक्षा वेगळी जागा असली तर ती कशी असावी, यावर दोघं बोलत असत. फेब्रुवारी 1948 मध्ये तास्मा गेले. जाताना त्यांनी सिसिलींसाठी 500 पौंड ठेवले, त्या होऊ घातलेल्या घराला एक खिडकी बसवण्यासाठी. घराचा तेव्हा पत्ताच नव्हता. ते उभं राहायला पुढे 19 वर्षं लागली. ती खिडकी आजही तिथे प्रवेशापाशी आहे.

यानंतर त्या लंडनच्या बेजवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्स या संस्थेत संध्याकाळी विनामोबदला काम करू लागल्या. मरणपंथाला लागलेल्या गरिबांना सांभाळणारी ही जुनी संस्था. तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचं मूळ तिथेच आहे. इतर हॉस्पिटलांत पेशंट कळवळायला लागला की मग इंजेक्शन मिळे. ते उतरलं की पुन्हा कळवळणं, पुन्हा वाट पाहणं. सेंट ल्यूक्समध्ये मात्र मॉर्फिन घड्याळ लावून दिलं जाई, आधीचा डोस उतरून दुखणं परत येण्यापूर्वीच. तिथल्या पेशंटना दुखण्याची धास्ती नव्हती. ते बोलत, जेवत, झोपत.

इथे थोडं थांबते, कारण तुमच्यासाठी हा सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. हॉस्पिस बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या इथे असतात का, आणि त्या कशा देता? साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती चार-चार तासांनी द्यायची असते. रात्री पेशंटला उठवायला लागू नये म्हणून झोपताना जास्त डोस देण्याची पद्धत आहे. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोसही आधीच लिहून ठेवलेला असतो. असं उत्तर मिळालं तर तिथे काम जाणणारी माणसं आहेत. दुखलं की सांगा, मग बघू, असं उत्तर आलं तर सावध व्हा.

दुसरा प्रश्न बद्धकोष्ठाचा. मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पोट साफ होत नाही आणि हा त्रास दिवस गेले तरी आपोआप कमी होत नाही. त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच जुलाबाचं औषध सुरू करतात. नर्सबाईंना सहज विचारा, पोट साफ होण्यासाठी काय देता? ज्या ठिकाणी हे रोज विचारलं जातं, तिथे बाकीचीही काळजी नीट घेतली जात असण्याची शक्यता मोठी.

एकदा माझ्या एका पेशंटला भेटायला मी अशाच एका खाजगी ठिकाणी गेले होते. एसी खोली, भिंतीवर टीव्ही, खाली गणपतीची सुंदर मूर्ती. आजोबा पाय पोटाशी घेऊन पडलेले. चार्टवर वेदनेचा रकाना तीन दिवस कोरा होता. गोळ्या का नाहीत असं विचारल्यावर कळलं, की तिथे मॉर्फिन ठेवतच नाहीत. घरच्यांनी जागा निवडली होती ती खोली पाहून. त्यांना दोष देत नाही. दुसरं काय पाहायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

आता पुन्हा सिसिलींकडे. मरणाऱ्या पेशंटसाठी काही करायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागेल, नाहीतर डॉक्टर ऐकणार नाहीत, असा सल्ला त्यांना एका सर्जननी दिला. तेहेतिसाव्या वर्षी, 1951 मध्ये, त्यांनी मेडिकलला प्रवेश घेतला आणि 1957 मध्ये डॉक्टर झाल्या. नर्स, समाजसेविका आणि डॉक्टर, असे तिन्ही अनुभव एकाच माणसात आले. चांगल्या हॉस्पिसमध्ये हे तिघं वेगवेगळे असतात, पण असावे लागतात. रात्री दोन वाजता नर्स हजर असते का, डॉक्टर रोज येतात की आठवड्यातून एकदा, घरच्यांशी बोलायला समाजसेवक किंवा समुपदेशक आहे का, हे विचारून घ्या.

1958 पासून सुमारे सात वर्षं त्यांनी पूर्व लंडनमधल्या हॅकनी इथल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम केलं. ते आयर्लंडच्या नन्स चालवत. माया भरपूर होती, पण औषधांची शिस्त आणि नोंदी नव्हत्या. सिसिलींनी ठरावीक वेळेला मॉर्फिन सुरू केलं आणि प्रत्येक पेशंटची बारकाईने नोंद ठेवली. हजाराहून जास्त पेशंटच्या या नोंदींतून दिसलं, की नेमका डोस ठरवून तोंडाने दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही आणि डोस सतत वाढवतही न्यावा लागत नाही. त्या काळच्या डॉक्टरांचा यावर विश्वास बसत नसे. पुढे त्यांचे सहकारी डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी यावर रीतसर संशोधन केलं.

खरं सांगायचं तर आपल्याकडे ती भीती अजूनही आहे, पेशंटच्या घरात आणि डॉक्टरांच्या मनातही. माझ्या एमबीबीएसच्या वर्षांत पॅलिएटिव्ह केअर हा विषयच नव्हता. तो अभ्यासक्रमात आला 2019 मध्ये. त्यात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे बहुतेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. ज्या देशात कायदेशीर अफू पिकते, त्याच देशात ही गत! 2014 मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. म्हणून तुमच्या हॉस्पिसला ही मान्यता आहे का, हे जरूर विचारा. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट जवळ आला, असं नाही. सुरुवातीचे काही दिवस झोप आणि मळमळ जास्त असते, ती बहुधा ओसरते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो. आणि गोळ्या मनाने एकदम बंद करू नका.

सेंट जोसेफ्समध्येच त्यांना आणखी एक गोष्ट कळली. कुठे दुखतं असं विचारल्यावर पेशंट नुसतं पोट किंवा पाठ सांगत नसत. नवऱ्याची नोकरी, मुलांची काळजी, आपण ओझं झालो ही खंत, देवाने असं का केलं हा प्रश्न, सगळं त्या उत्तरात येई. शरीराचं, मनाचं, घराचं आणि श्रद्धेचं दुखणं मिळून एकच वेदना असते, असं त्यांनी मांडलं आणि त्याला टोटल पेन असं नाव दिलं. पुष्कळदा पुरेसं औषध देऊनही वेदना हटत नाही, तेव्हा कारण यातलंच काहीतरी असतं. मुलीचं लग्न, भावाशी तुटलेला अबोला, न केलेलं मृत्युपत्र. हॉस्पिसमध्ये पहिल्या भेटीत तुम्हाला फक्त रिपोर्ट मागतात, की पेशंटला कशाची चिंता वाटते हेही विचारतात, याकडे लक्ष ठेवा. पेशंटला आजाराबद्दल किती माहीत आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचं आहे, हे विचारणारी जागा मला जास्त विश्वासाची वाटते.

1967 मध्ये दक्षिण लंडनच्या सिडनहॅममध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं. उपचार, संशोधन आणि शिकवणं एकाच छताखाली आणणारं हे पहिलं हॉस्पिस. बाग होती, पलंग बाहेर नेता येत. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं, त्यामुळे मुलांचा आवाज कानावर पडे. नातेवाईक जवळजवळ कधीही येऊ शकत, पण सोमवारी भेट बंद असे. हे वाचून तुम्हाला कठोर वाटेल. कारण मात्र उलटं होतं: घरच्यांना एक दिवस अपराधी न वाटता विश्रांती मिळावी. तुमच्यापैकी जी सून किंवा मुलगी तीन महिने रात्री सलग झोपलेली नाही, तिला या सोमवारचा अर्थ लगेच कळेल. काही दिवस पेशंटला ठेवून घेऊन घरच्यांना विसावा देण्याची सोय आपल्याकडेही काही हॉस्पिस करतात. विचारायला संकोचू नका.

1969 पासून सेंट क्रिस्टोफर्सच्या नर्सेस घरोघरी जाऊ लागल्या. हॉस्पिस म्हणजे इमारत नव्हे, ती सेवा आहे आणि ती घरीही पोचू शकते, हे तेव्हापासून रुजलं. पेशंटला घरीच राहायचं असेल तर टीम किती दिवसांनी येते, तुमच्या भागापर्यंत येते का, आणि रात्री फोन कोण उचलतं, हे नक्की करा. फोन उचलणारा तुमच्या पेशंटला ओळखत असेल तर फार फरक पडतो. एक सोपा उपाय सांगते. ठरवण्यापूर्वी एकदा रात्री दहानंतर त्या नंबरवर फोन करून पाहा.

तिथल्या कामाची परीक्षाही त्यांनी टाळली नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॉलिन मरे पार्क्स यांनी पेशंट गेल्यानंतर त्यांच्या पती-पत्नींना भेटून शेवटचे दिवस कसे गेले हे विचारलं, आणि इतर हॉस्पिटलांतल्या तशाच कुटुंबांशी तुलना केली. दहा वर्षांनी तेच पुन्हा केलं. तोवर हॉस्पिटलांमधलं वेदनाशमनही सुधारलं होतं. तुम्हीही हेच करू शकता. जिथे नेणार आहात, तिथे ज्यांचं माणूस गेलं आहे अशा एखाद्या घरी बोला. शेवटच्या आठवड्यात दुखत होतं का आणि नंतर तिथून कोणी चौकशीचा फोन केला का, एवढंच विचारा.

हे काम भारतात पोचलं ते 1986 मध्ये, मुंबईच्या वांद्र्यात शांती आवेदना सदन सुरू झालं तेव्हा. देशातलं ते पहिलं हॉस्पिस. 1993 मध्ये केरळात कोळिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी उभी राहिली, तिच्यामागे डॉ. ट्वायक्रॉस यांचाही आधार होता. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. आपल्याकडची बरीच हॉस्पिस मुख्यतः कॅन्सरसाठी आहेत. तुमच्या घरी हृदय, किडनी किंवा स्मृतिभ्रंशाचा पेशंट असेल तर ते घेतात का, हे फोनवरच विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

सिसिली सॉन्डर्स यांना ब्रिटनचे मोठे मान मिळाले. वयाच्या साठीनंतर, 1980 मध्ये, त्यांनी मारियन बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकाराशी लग्न केलं. त्यांची चित्रं सेंट क्रिस्टोफर्सच्या भिंतींवर लागली. पुढे सिसिलींनाच स्तनाचा कॅन्सर झाला. 14 जुलै 2005 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, त्या सेंट क्रिस्टोफर्समध्येच गेल्या, स्वतः उभारलेल्या त्या घरात पेशंट म्हणून.

पाहायला जाताना घरातल्या दोघांनी जा. एकाने डॉक्टरांशी बोलावं, दुसऱ्याने वॉर्डातून एक फेरी मारावी. पेशंटचे ओठ कोरडे आहेत का, कूस बदलून देतात का, बेल वाजल्यावर किती वेळाने कोणी येतं, हे पाहावं. सोबत चालू औषधांची चिठ्ठी आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड ठेवा. मॉर्फिन आधीच चालू असेल तर शेवटचा डोस किती वाजता दिला, तेही त्यावर लिहून न्या.