रायतूरच्या टेकडीवरचे पुराणिक : फादर स्टीफन्स

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मी प्रथम ऐकले, तेव्हा परीक्षेसाठी पाठ करायचे आणखी एक नाव एवढेच मला वाटले. जन्म इंग्लंडमध्ये, ग्रंथ ख्रिस्तपुराण, साल १६१६. एवढे लिहिले की दोन गुण पदरात पडतात. पुढे शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून देवनागरीत प्रसिद्ध केलेली या ग्रंथाची आवृत्ती ग्रंथालयात हाती लागली. उघडून पाहतो तो सगळ्या ओव्या! ओवी म्हटली की मला वेल्ह्याकडचे आमचे घर, जाते आणि जात्यावर बसलेली आजी आठवते. ग्रंथातली ओवी निराळी आणि जात्यावरची निराळी हे खरे. पण दोघींचे गोत्र एकच. माझ्या निरक्षर आजीच्या छंदात एका इंग्रजाने येशूची कथा सांगावी, याचे मला मोठे नवल वाटले. त्या नवलापोटी हा लेख लिहिला आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांच्या तरुणपणीचा काळ राणी एलिझाबेथचा. राज्याचा धर्म प्रॉटेस्टंट, आणि कॅथलिक पंथाच्या लोकांवर सरकारची करडी नजर. मायदेशात आपल्या श्रद्धेला जागा नाही हे पाहून हा तरुण रोमला गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी तो लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या या प्रवासाची हकीकत त्याने वडिलांना पत्राने कळवली. पुढे ते पत्र इंग्लंडात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, ज्याची नोंद सापडते असा पहिला इंग्रज म्हणून त्याचेच नाव घेतात. १५८३ च्या अखेरीस फिच, न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापाऱ्यांना होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते.

त्यांचे बाकीचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तेथे जेझुइटांनी १५७४ साली मडगावला एक लहानसे महाविद्यालय काढले होते. त्याचे नशीब मोठे खडतर. १५७९ मध्ये, म्हणजे स्टीफन्स गोव्यात आले त्याच वर्षी, आदिलशाही फौजेच्या स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. मग ते किल्ल्याच्या आश्रयाने रायतूरला, म्हणजे पोर्तुगीजांच्या राचोलला, हलले. पुन्हा मडगाव, पुन्हा रायतूर अशी त्याची ये-जा झाली. पुढे स्टीफन्स स्वतः या संस्थेचे प्रमुखही झाले.

मला या संस्थेचे १६०६ ते १६१६ हे दशक सर्वांत महत्त्वाचे वाटते. १६०६ मध्ये जुवारीकाठच्या रायतूरच्या टेकडीवर नव्या इमारतीची पायाभरणी झाली. १६१० मध्ये महाविद्यालय तेथे स्थिर झाले. हळूहळू त्याच्या आसऱ्याने मुलांची शाळा, रुग्णालय आणि छापखाना उभे राहिले. याच दशकात, १६०८ साली, साठीच्या घरात आलेल्या स्टीफन्स यांनी रोमच्या वरिष्ठांना पत्र लिहून येथल्या लिपीत ग्रंथ छापण्याची सोय मागितली. अडचण टाइपांची होती. रोमन लिपीला चोवीस अक्षरे पुरत. आपल्याकडे काना-मात्रा, जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे खिळे लागतील असा हिशेब होता. ते दोनशेंवर आणता येतील असे त्यांनी सुचवले. पण ती सोय झाली नाही. शेवटी १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून ख्रिस्तपुराण बाहेर पडले ते रोमन लिपीत. देवनागरी खिळ्यांनी मराठी व्याकरण छापले गेले ते १८०५ मध्ये, दूर बंगालमधील श्रीरामपूरला. त्या पत्राला यश आले असते तर मराठी मुद्रणाचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षे आधी सुरू झाला असता!

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. ओव्या एकूण अकरा हजारांच्या आसपास. आरंभीच मराठी भाषेचे मनापासून केलेले कौतुक आहे. पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती १५८४ साली. तुकोबांचा जन्म बहुधा १६०८ चा. म्हणजे या दोघांच्या मधल्या काळात, आपल्या संतांच्याच वळणाने हा परदेशी माणूस लिहीत होता. विशेष हे की त्यांनी दोन भाषांची दोन कामे ओळखली होती. पुराणासाठी त्यांनी ग्रंथांची मराठी घेतली आणि तिच्यात कोकणी शब्द मिसळू दिले. मुलांना धर्माचे पाठ देण्यासाठी मात्र त्यांच्या घरची कोकणीच वापरली. तिचे पहिले छापील व्याकरणही त्यांचेच. १६१९ मध्ये ते वारले. ते व्याकरण १६४० साली रायतूरलाच छापले गेले.

येथपर्यंत वाचताना मी भारावून गेलो होतो. पण चित्राची दुसरी बाजू झाकून लेख पुरा केला तर तो खोटा ठरेल. या लोकांना नवे पुराण का हवे होते? कारण जुनी पुराणे त्यांच्याकडून गेली होती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयाचा अंमल होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले; त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. स्टीफन्स यांच्या हातात लेखणी होती, तलवार नव्हती. तरी ज्या सत्तेच्या छत्राखाली त्यांची लेखणी चालली, तिचा हिशेब त्यांच्यापासून अगदी तोडता येत नाही. मराठीवर प्रेम करणारा माणूस आणि देवळे पाडणारी सत्ता एकाच टेकडीच्या परिसरात नांदत होती. मला या दोन गोष्टींची सांगड अजून घालता आलेली नाही.

पुढे तर त्याच सत्तेने स्टीफन्स यांचीही वाट मोडली. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत आणि लोकांच्या गळ्यात. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये तो पुन्हा छापला. छापखाना बंद पडला, हुकूम निघाले, पण ओवी म्हणणारे लोक होते म्हणून ग्रंथ राहिला.

मी आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर देताना माझ्या तोंडून व्हतं, गेल्तं असे शब्द निघाले आणि मागच्या बाकांवर हसू उसळले. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही. घरी जाऊन आईशीही पुस्तकी बोलू लागलो. ती नुसती बघत राहिली. स्टीफन्स यांचे चरित्र वाचताना मला माझीच लाज वाटली. परक्यांची बोली त्यांच्या अंगणात बसून शिकणारा तो माणूस कोठे, आणि स्वतःच्या आईची बोली दोन वर्षांत टाकायला निघालेला मी कोठे!

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पुस्तक गावी नेले आणि येशूच्या जन्माच्या ओव्या आजीला वाचून दाखवल्या. काही शब्द तिला लागले नाहीत, काही मलाही नाहीत. ती हरिपाठाला बसावी तशी बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने पुराण कोणाचे म्हणून विचारले नाही. त्या बाळंतिणीला गोठ्यात रात्र काढावी लागली, गावात कोणी जागा दिली नाही, एवढ्याचीच ती हळहळ करत राहिली. चारशे वर्षांपूर्वी रायतूरच्या टेकडीवर बसून म्हाताऱ्या स्टीफन्स यांनी ज्या श्रोत्यासाठी लिहिले असेल, तो तोरण्याच्या पायथ्याशी आमच्या ओसरीवर बसला होता. मी तिच्याशी तिच्याच बोलीत बोललो. आता वर्गातही बोलणार आहे.