कर्मवीर भाऊराव आणि त्यांचे वसतिगृह

आमच्या मालेगावात कर्मवीर म्हटले की डोळ्यांपुढे भाऊसाहेब हिरे उभे राहतात. १९५२ साली त्यांनी महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था काढली आणि या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. म्हणूनच गेल्या वर्षी विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेचा अर्ज माझ्या हाती आला, तेव्हा ही योजना आपल्याच कर्मवीरांच्या नावाची आहे असे मी धरून चालले. ग्रंथपाल सरांनी माझी चूक दाखवली आणि हसत हसत कपाटातून भाऊरावांचे चरित्र काढून दिले. ज्या माणसाच्या नावावर आपण रोज दोन तास काम करतो, त्याची आपल्याला ओळखही नसावी याची मला लाज वाटली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे; वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात दाखल झाले. त्या वेळी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मोठी चळवळच सुरू केली होती. १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी तेथे बोर्डिंगे निघत गेली. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर त्यांना आंघोळ करण्यास सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंगातून त्यांचे नाव कमी झाले. पुढे महाराजांनीच त्यांना आसरा दिला.

अभ्यासात मात्र भाऊराव चमकले नाहीत. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. हे वाचून मला उगीचच धीर आला, हे कबूल करते.

नंतर त्यांनी पोटासाठी अनेक उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवीत गावोगाव हिंडले. मला वाटते, त्यांचे खरे कॉलेज ही नांगराची फिरतीच असावी. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहायचे, त्याच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी करायच्या. तेथे त्यांना दिसली ती कर्जात बुडालेली घरे आणि ढोरांमागे फिरणारी पोरे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे बी त्यांच्या मनात आधीच पडले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

या वसतिगृहाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कोल्हापुरात बोर्डिंगे होती, पण बहुतेक जातवार. साताऱ्यात मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशी सारी मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. विहिरीच्या पाण्यावरून डोकी फुटत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. शिवाय तेथे वाढपी नव्हते, झाडूवाले नव्हते. मुले दळण दळीत, पाणी भरीत, भाकरी थापीत, शेतात राबत आणि मग पुस्तके घेऊन बसत. खेड्यातल्या आयाबायांनी रोजच्या पिठातून एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि ते बोर्डिंगाला द्यायचे, अशी मुष्टिफंडाची पद्धतही त्यांनी पाडली. कोणाची मूठ ज्वारीची, कोणाची बाजरीची. ते सारे एकाच हांड्यात जाई.

तरीही ताटे भरण्याइतके धान्य नेहमीच असे असे नाही. येथे लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. भाऊरावांच्या या पत्नी खाऊनपिऊन सुखी अशा घरातून आलेल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या. नवऱ्याने परजातीची मुले घरात आणल्यावर त्यांना प्रथम जड गेले असेल. पण पुढे त्याच त्या मुलांच्या आई झाल्या. बोर्डिंगाच्या खर्चासाठी त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीत काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही मोडले आणि मुलांना जेवू घातले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही. ही हकिगत मी घरी आईला सांगितली. आई दुसऱ्याच्या वावरात निंदणीला जाते, तिला अक्षरओळख नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, की त्या बाईचे नाव तुमच्या योजनेच्या कागदावर आहे का. नाही, असे मला सांगावे लागले.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. जवळ पैसा नसलेल्या मुलाने अंगमेहनत करावी आणि पदवी घ्यावी, ही सोय आता कॉलेजपर्यंत पोचली. याच मुशीतून बॅ. पी. जी. पाटील यांच्यासारखे विद्यार्थी निघाले. ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भाऊरावांनी मुलांना फुकट का दिले नाही, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. देणग्या मागायला ते स्वतः दारोदार फिरतच होते. त्या पैशांतून नुसती शिष्यवृत्ती वाटता आली असती. पण घेणाऱ्याची मान खाली जाते हे त्यांना पक्के माहीत असावे. ज्याने आपल्या जेवणातले पाणी स्वतः शेंदले, तो कोणाचा मिंधा राहत नाही.

मात्र एक गोष्ट मला येथे लिहिलीच पाहिजे, मग ती कोणाला टोचली तरी चालेल. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळीच मुले राबत होती. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच जात्यावर बसत. म्हणून तेथे कामाची लाज उरली नाही. आज आम्ही या योजनेत काम करतो ते नड आहे म्हणून, आणि बाकीचे करत नाहीत ते नड नाही म्हणून. पहिल्या आठवड्यात मी बागेला पाणी घालत असताना वर्गातल्या मैत्रिणी समोरून गेल्या. त्यांनी मला पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. त्या वाईट मुली नाहीत. पण मी हातातली नळी खाली टाकून भिंतीआड गेले, हे मी विसरणार नाही. कर्मवीरांचे नाव आपण घेतले, कामाचे तास घेतले, त्यांची पंगत तेवढी मागे राहिली.

या योजनेने माझा एसटीचा पास निघतो, परीक्षेची फी भरली जाते. त्याचे मोल मी जाणते. ती नसती तर पहिल्या वर्षानंतरच माझे नाव कमी झाले असते. तक्रार आहे ती वेगळी आहे.

भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले. इंग्रजी सहावीवर थांबलेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी सन्माननीय डी. लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र वाचून झाल्यावर मी ते त्या मैत्रिणींपैकी एकीला दिले. तिने ते आठ दिवस ठेवले. परत करायला आली तेव्हा मी ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटातली पुस्तके पुसत होते. तिने ओढणी कमरेला खोचली, दुसरे फडके घेतले आणि खालचा कप्पा पुसायला बसली. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. त्या दिवशी कपाट लवकर आटोपले आणि मला साडेपाचची गाडी मिळाली.