ज्याला क्षयानं डॉक्टर होऊ दिलं नाही, त्यानंच औषधांची परीक्षा घ्यायला शिकवलं

औषधामुळे रुग्ण बरा झाला, की तो तसाही बरा होणार होता? याचं खात्रीचं उत्तर कसं शोधायचं आणि ते प्रामाणिकपणे कसं मांडायचं, हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी जगाला दाखवलं. गंमत म्हणजे ते डॉक्टर नव्हते.

१८९७ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या हिल यांना डॉक्टरच व्हायचं होतं. पण पहिलं महायुद्ध आलं आणि ते वैमानिक झाले. तिथं त्यांना क्षयरोगानं गाठलं. ते वाचतील असं कुणाला वाटत नव्हतं, पण ते वाचले. अंथरुणावरून त्यांनी पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढे वैद्यकीय संख्याशास्त्राकडे वळले.

चिठ्ठी बंद पाकिटात

दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं नवं औषध आलं. ब्रिटनकडे त्याचा साठा अगदी तुटपुंजा होता. सगळ्यांना ते देणं शक्यच नव्हतं. मग १९४७ मध्ये चाचणी सुरू झाली. रुग्ण होते १०७. त्यातल्या ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना फक्त विश्रांती.

कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरांनी ठरवायचं नव्हतं. हिल यांनी यादृच्छिक आकड्यांनी ते आधीच ठरवून बंद पाकिटात ठेवलं होतं. रुग्णाची निवड झाल्यावरच पाकीट उघडायचं. त्यामुळे वशिला नाही आणि दयामायाही नाही. एक्स-रे तपासणाऱ्यांनाही रुग्ण कुठल्या गटातला, हे माहीत नव्हतं.

सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४ जण दगावले, दुसऱ्या गटातले १४.

झाकलं काहीच नाही

१९४८ मध्ये अहवाल छापून आला. त्यात पाकिटांची पद्धत सविस्तर होती. अनेक रुग्णांमधले जंतू औषधाला दाद देईनासे झाले, हेही होतं. इतकंच नाही, तर औषध न मिळालेल्यांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलं नव्हतं, हेही त्यात लिहिलं होतं. आज रुग्णाच्या संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही.

संशोधकांनी लिहिताना चार गोष्टी सांगाव्यात, असं हिल यांनी १९६५ मध्ये सुचवलं: काम का हाती घेतलं, काय केलं, काय सापडलं आणि त्याचा अर्थ काय.

तरीही पुढची कित्येक वर्षं असंख्य अहवालांत गट कसे पाडले, हेच नसायचं. मग निकालावर विश्वास ठेवायचा कसा? म्हणून १९९६ मध्ये 'कन्सॉर्ट' ही मार्गदर्शक यादी आली. आज ऑनलाइन साधनं संशोधकाला एकेक मुद्दा विचारून अहवाल लिहायला मदत करतात. गट कसे पाडले? पुढचा क्रमांक लपवला कसा? मध्येच किती जण सोडून गेले?

हिल १९९१ मध्ये गेले. पण आज स्क्रीनवर येणारे हे प्रश्न त्यांच्या त्या पाकिटांपासूनच सुरू झाले. उत्तर अर्धवट राहिलं, तर त्याची किंमत शेवटी गोळी घेणारा रुग्ण मोजतो.