दोन नावांचे एक रसायन आणि जोकिची ताकामिने

लग्नकार्यातील जेवणानंतर पोट जड झाले, की औषधांच्या दुकानातून पाचक सिरप आणले जाते. त्या बाटलीवरील बारीक अक्षरे सहसा कोणी वाचत नाही. वाचली तर त्यात 'फंगल डायस्टेज' हे नाव बहुधा सापडतेच. दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यात बधिरता आणणाऱ्या लिग्नोकेनबरोबर अनेकदा अत्यल्प प्रमाणात ॲड्रिनलीन मिसळलेले असते. पहिले विकर, म्हणजे एंझाइम. दुसरे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन. एकाचा संबंध भाताला लागणाऱ्या बुरशीशी, तर दुसऱ्याचा मूत्रपिंडावर बसलेल्या चिमुकल्या ग्रंथीशी. या दोन्ही पदार्थांना औषधाच्या बाटलीपर्यंत आणणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो जपानी होता.

जोकिची ताकामिने यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी जपानमधील ताकाओका येथे झाला. अमेरिकी नौदलाच्या दडपणाखाली जपानने आपली बंदरे परकीयांसाठी उघडण्याचा करार केला, तेच हे वर्ष. वडील सेइची वैद्य होते व पाश्चात्त्य विद्येत रस घेणारे होते. आईचे माहेर 'साके' या तांदळाच्या मद्याच्या व्यवसायातील. वडिलांकडून औषध आणि आजोळाकडून किण्वन असा दुहेरी वारसा त्यांना मिळाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बालपण कानाझावात गेले. जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या या मुलाला परकीय भाषा व विद्या शिकण्यासाठी दूरच्या नागासाकीला पाठविण्यात आले. पुढे १८७९ मध्ये टोकियोतील अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी उपयोजित रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि सरकारी खर्चाने ते स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे गेले.

१८८३ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांना कृषी व वाणिज्य खात्यात नोकरी मिळाली. १८८४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील कापूस प्रदर्शनासाठी ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि तेथे कॅरोलिन हिच या तरुणीशी त्यांची ओळख झाली. १८८७ मध्ये दोघांचा विवाह झाला. मधल्या काळात ताकामिने यांनी जपानच्या नव्या पेटंट कार्यालयात जबाबदारीच्या पदावर काम केले. शोध लावणे आणि तो शोध कायद्याने आपल्या नावावर करून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळातील बहुतेक वैज्ञानिकांपेक्षा त्यांना अधिक चांगले ठाऊक होते. त्यांचे पुढील सारे यश आणि त्यांच्यावर झालेली टीका या दोन्हींचे मूळ या जाणिवेत आहे. उद्योगपती शिबुसावा एइची यांच्या साह्याने त्यांनी टोकियोत सुपरफॉस्फेट खताचा कारखानाही उभारला. पण त्यांचे मन किण्वनातच गुंतले होते.

जपानी साके तयार करण्यासाठी वाफवलेल्या तांदळावर 'कोजी' ही बुरशी वाढविली जाते. तिचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी. ही बुरशी तांदळातील पिष्टाची साखर करते आणि त्या साखरेचे यीस्ट मद्यार्क बनविते. पाश्चात्त्य देशांत व्हिस्कीसाठी हेच काम मोड आलेले सातू, म्हणजे माल्ट, करीत असे. सातू भिजवून मोड आणण्यास वेळ लागतो, जागा लागते आणि खर्चही होतो. कोजी मात्र दोन-तीन दिवसांत तयार होते व तिला गव्हाचा कोंडाही पुरतो. ताकामिने यांनी हीच पद्धत अमेरिकेला देऊ केली. १८९० मध्ये पत्नी व दोन मुलांसह ते अमेरिकेत गेले आणि लवकरच इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे त्या काळातील बलाढ्य 'व्हिस्की ट्रस्ट'साठी त्यांचे प्रयोग सुरू झाले.

पिओरियातील दिवस सुखाचे नव्हते. माल्ट बनविणाऱ्यांना या पद्धतीत आपल्या धंद्याचा अंत दिसत होता. १८९१ मध्ये प्रयोगाच्या इमारतीला आग लागून सारे भस्मसात झाले. ती लावली गेली असा संशय होता. तो सिद्ध मात्र झाला नाही. त्यातच ताकामिने यांचा यकृताचा विकार बळावला व त्यांना शिकागोला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे ट्रस्टच मोडकळीस आला आणि कोजीची व्हिस्की बाजारात रुजली नाही. वयाच्या चाळिशीत, परक्या देशात, आजारी शरीर आणि फसलेला उद्योग एवढेच त्यांच्या हाती उरले होते.

मात्र बुरशीतील जे विकर पिंपातील पिष्ट पचविते, ते माणसाच्या पोटातील पिष्टही पचवू शकेल, हे त्यांनी ओळखले. ते विकर कोंड्यावर वाढलेल्या बुरशीतून पाण्याने काढून मद्यार्काच्या साह्याने त्याची भुकटी करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांना १८९४ मध्ये मिळाले. सूक्ष्मजीवजन्य विकराचे अमेरिकेतील पहिले पेटंट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. नाव ठरले 'ताका-डायस्टेज'. या नावाची फोड रंजक आहे. पॅरिसमधील पायाँ व पर्सो या रसायनज्ञांनी १८३३ मध्ये माल्टमधून पिष्ट फोडणारा पदार्थ वेगळा केला व त्याला विलगीकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डायस्टेज म्हटले. त्यातील 'एज' हे शेपूट पुढे साऱ्या विकरांना लागले; लायपेज, लॅक्टेज, प्रोटिएज ही त्याचीच भावंडे. 'ताका' हे संशोधकाच्या आडनावाचे पहिले अक्षर. जपानी भाषेत त्याचा अर्थ उंच, श्रेष्ठ. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने हे पाचक औषध विकावयास घेतले आणि ताकामिने यांच्या घरात प्रथमच स्थैर्य आले. ते न्यूयॉर्कला राहावयास गेले.

याच कंपनीने त्यांच्यापुढे नवे कोडे ठेवले. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचला असता रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर व शेफर यांनी १८९४-९५ च्या सुमारास दाखविले होते. रक्तस्राव थांबविण्यासाठी असे अर्क वापरले जाऊ लागले होते. पण ते अशुद्ध असत, लवकर नासत. त्यातील नेमका प्रभावी पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळविण्याची शर्यत अनेक प्रयोगशाळांत सुरू झाली. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे जॉन जेकब एबल हे त्यात आघाडीवर होते. त्यांनी मिळविलेल्या पदार्थाला 'एपिनेफ्रिन' असे नाव दिले. जर्मनीत फॉन फ्यूर्ट यांनी आपल्या पदार्थाचे बारसे 'सुप्रारेनिन' असे केले होते.

१९०० च्या प्रारंभी केझो उएनाका हा तरुण जपानी रसायनज्ञ ताकामिने यांच्याकडे साहाय्यक म्हणून आला. इफेड्रिनचा शोध लावणारे नागायोशी नागाई यांच्या हाताखाली तो तयार झालेला होता. वनस्पतींतील अल्कलॉइड वेगळे करण्याचे जे कसब तो शिकला होता, तेच येथे उपयोगी पडले. न्यूयॉर्कमधील साध्याशा प्रयोगशाळेत त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, गुरांच्या ग्रंथींचा अर्क हवेचा संपर्क टाळत आटवून, अखेरीस अमोनिया घातल्यावर, नळीच्या तळाशी सूक्ष्म स्फटिक जमा झाले. मानवाला शुद्ध स्फटिकरूपात मिळालेले हे पहिले संप्रेरक. गंमत अशी, की तेव्हा 'हॉर्मोन' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. तो स्टार्लिंग यांनी लंडनमधील व्याख्यानांत १९०५ मध्ये वापरात आणला.

नव्या पदार्थाचे नाव 'ॲड्रिनलीन' ठेवण्यात आले. लॅटिनमध्ये 'ॲड' म्हणजे जवळ आणि 'रेन' म्हणजे मूत्रपिंड. एबल यांच्या 'एपिनेफ्रिन'मधील ग्रीक 'एपि' म्हणजे वर आणि 'नेफ्रॉस' म्हणजे पुन्हा मूत्रपिंडच. आपल्याकडील 'अधिवृक्क' या शब्दातही अधि व वृक्क यांची तीच जोडी आहे. अर्थ एकच असलेल्या दोन नावांवरून पुढे शंभर वर्षे वाद रंगावा, हे विज्ञानाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

वादाचे मूळ व्यापारात होते. ताकामिने यांनी नोव्हेंबर १९०० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो १९०३ मध्ये मंजूर झाला आणि पार्क-डेव्हिसने 'ॲड्रिनलिन' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. एका कंपनीच्या मालकीचे नाव औषधाचे सर्वसाधारण नाव म्हणून वापरणे अमेरिकेत अडचणीचे ठरले. तेथे 'एपिनेफ्रिन' रूढ झाले. ब्रिटनने 'ॲड्रिनलीन' स्वीकारले आणि ब्रिटिश परंपरेतून वाढलेल्या भारतीय वैद्यकातही तेच नाव स्थिरावले. म्हणूनच मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी डॉक्टर ॲड्रिनलीन मागतात आणि न्यूयॉर्कमधील डॉक्टर एपिनेफ्रिन. अमेरिकी डॉक्टरही शरीरातील ज्या ग्राहींवर हे औषध काम करते त्यांना मात्र 'ॲड्रिनर्जिक'च म्हणतात, हा भाग वेगळा.

पेटंट टिकणार का, हाही प्रश्नच होता. निसर्गात असलेली वस्तू कुणाच्या मालकीची कशी, असा आक्षेप प्रतिस्पर्धी मलफर्ड कंपनीने घेतला. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी पेटंट वैध ठरविले. ग्रंथीतून वेगळा केलेला शुद्ध पदार्थ व्यापार व उपचार या दोन्ही दृष्टींनी नवी वस्तू आहे, असा त्यांचा आशय होता. जैविक पदार्थांच्या पेटंटसाठी पुढे अनेक दशके या निकालाचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मिरियड खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकांवरील पेटंट नाकारले, तेव्हाही या जुन्या निकालाची चर्चा झाली.

शास्त्रीय काटेकोरपणाच्या कसोटीवर ताकामिने यांचे काम निर्दोष नव्हते. त्यांनी दिलेले रासायनिक सूत्र किंचित चुकले होते. अचूक सूत्र १९०१ मध्येच पार्क-डेव्हिसमधील थॉमस ऑल्ड्रिच यांनी दिले. ग्रंथींतून काढलेल्या ॲड्रिनलीनमध्ये नॉरॲड्रिनलीन हे भाऊबंद रसायनही मिसळलेले असे, हे तर कित्येक दशकांनी ध्यानात आले. मात्र एबल यांच्या पदार्थात बेन्झॉइल गट चिकटलेला राहिला होता, त्यामुळे तो मूळ संप्रेरक नव्हता. औषध म्हणून काम करणारा पदार्थ ताकामिने यांच्या नळीत होता. १९०४ मध्ये जर्मनीच्या स्टोल्झ यांनी तो कृत्रिमरीत्या तयार केला.

ताकामिने यांना संपत्ती मिळाली आणि तिचा विनियोग त्यांनी दोन देशांना जोडण्यासाठी केला. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निप्पॉन क्लब स्थापन झाला. वॉशिंग्टनमध्ये दर वसंतात फुलणाऱ्या चेरीच्या झाडांमागेही त्यांचे द्रव्यसाह्य होते. १९१० मध्ये आलेली पहिली सुमारे दोन हजार रोपे किडलेली निघाल्याने जाळावी लागली. १९१२ मध्ये तीन हजारांहून अधिक नवी रोपे आली. भेट मात्र टोकियो शहराच्या नावे देण्यात आली. जपानमध्ये ताका-डायस्टेज विकणाऱ्या सांक्यो कंपनीचे १९१३ मध्ये ते पहिले अध्यक्ष झाले. या कंपनीची वारसदार दाइची सांक्यो हिने २००८ मध्ये भारतातील रॅनबॅक्सीवर ताबा मिळविला होता. पुढे ती मुंबईच्या सन फार्माकडे गेली. मूलभूत संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था हवी, हा आग्रहही ताकामिने यांनी १९१३ मध्ये धरला आणि १९१७ मध्ये 'रिकेन' उभी राहिली.

तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहूनही त्यांना तेथील नागरिकत्व मिळू शकले नाही. तेव्हाचा कायदा जपानी स्थलांतरितांना तो हक्कच देत नव्हता. २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले व तेथीलच वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या पश्चात, १९२७ मध्ये एबल यांनी जुन्या आठवणी लिहिताना ताकामिने आपली प्रयोगशाळा पाहून गेले होते, असे नमूद केले. पद्धत तेथूनच उचलली, असा अर्थ अनेकांनी काढला आणि उत्तर द्यायला ताकामिने हयात नव्हते. उत्तर दिले ते उएनाका यांच्या वहीने. पेटंटवर आणि निबंधांवर एकट्या ताकामिने यांचेच नाव होते. रोजचे प्रयोग करणारे उएनाका १९६० मध्ये निवर्तले तोवर जगाला जवळपास अपरिचितच राहिले. १९०० च्या उन्हाळ्यातील त्यांच्या हस्ताक्षरातील नोंदींत प्रत्येक टप्पा, फसलेले प्रयत्न आणि स्फटिक दिसल्याचा दिवस लिहिलेला आहे, आणि ती पद्धत एबल यांच्या पद्धतीहून वेगळी आहे. ह्योगो प्रांतातील निशिनोमिया येथील एका बौद्ध मंदिरात जपून ठेवलेल्या या वहीचा समावेश जपानच्या रसायनशास्त्र संस्थेने २०१० मध्ये रासायनिक वारशाच्या यादीत केला. त्याआधी चार वर्षे, २००६ मध्ये, जपानच्या अधिकृत औषधकोशात तोपर्यंत 'एपिनेफ्रिन' म्हणून नोंदलेल्या औषधाचे नाव बदलून 'ॲड्रिनलीन' करण्यात आले होते.