ग्रेस हॉपर : कोडचे तुकडे जोडायचं काम संगणकाला देणाऱ्या गणितज्ञ
जावामधलं जेलिंक हे टूल प्रोग्रामला लागणारी मॉड्यूल्स आणि जावाचा रनटाइम एकत्र जोडून आटोपशीर संच बनवतं. या जोडणीच्या कामाचं मूळ शोधताना मी ग्रेस हॉपर यांच्यापाशी पोचतो.

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली आणि व्हॅसार कॉलेजात शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकन नौदलाच्या राखीव दलात गेल्या. १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन संगणकावर त्यांचं काम सुरू झालं. तिथे कोडचे उपयोगी तुकडे वहीत ठेवायचे आणि नव्या प्रोग्राममध्ये हातानं उतरवायचे. एक आकडा चुकला की मुसळ केरात!

पुढे युनिव्हॅकवर काम करताना, १९५२ च्या सुमारास, त्यांनी ए-झीरो तयार केला. तुकडे टेपवर, प्रत्येकाला एक क्रमांक. क्रमांक दिला की ए-झीरो तो तुकडा शोधायचा, त्यातले पत्ते बदलायचा आणि जोडून द्यायचा. बाई त्याला कंपायलर म्हणत. आज आपण त्याला लिंकर-लोडर म्हणू.

त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा प्रभाव १९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबॉलवर पडला. पण कंपनीगणिक कोबॉल थोडा वेगळा निघू लागला. नाव एकच, पण एका मशीनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडायचा. १९६७ मध्ये नौदलानं निवृत्त हॉपरबाईंना परत बोलावलं, ते हा गोंधळ निस्तरायला. त्यांच्या गटानं कंपायलर तपासणारे चाचणी-प्रोग्राम लिहिले. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

एकाच नावाचे वेगवेगळे तुकडे आजही असतात, अगदी एकाच फाइलमध्ये. जावा ९ पासून आलेल्या मल्टी-रिलीज जारमध्ये एका क्लासची मूळ प्रत, जावा ९ ची आणि १७ ची अशा तिन्ही असू शकतात. जेलिंकनं बनवलेल्या संचात जावाची आवृत्ती पक्की असते, त्यामुळे निवड जोडतानाच करावी लागते. संच जावा ११ चा असेल, तर ९ ची प्रत घ्यायची. १७ ची घेतली तर प्रोग्राम कोसळू शकतो. मूळ घेतली तर जुना कोड गुपचूप चालत राहील, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.