दाविदाची स्तोत्रं आपल्या तोंडी: आयझॅक वॉट्स

आजचा शास्त्रभाग: स्तोत्रसंहिता ९०, स्तोत्रसंहिता ८८, १ करिंथ १४:१५



डिसेंबर आला की कॅरोल सिंगिंगमध्ये ‘जॉय टू द वर्ल्ड’ ठरलेलंच असतं. पुढच्या वेळी ते गाताना शब्दांकडे जरा नीट लक्ष द्या. त्यात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, ताराही नाही. कारण ते मुळात ख्रिसमसचं गाणं म्हणून लिहिलंच गेलं नव्हतं. ते आहे स्तोत्र ९८. म्हणजे आपण दरवर्षी एक स्तोत्र गातो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. ज्यांनी ते लिहिलं, त्या आयझॅक वॉट्स यांच्या आयुष्यावर आज मनन करू या.

आयझॅक यांचा जन्म १७ जुलै १६७४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथॅम्प्टन गावात झाला. वडिलांचं नावही आयझॅकच. ते सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडमध्ये न जाता स्वतंत्र मंडळीत उपासना करायचे. त्या काळात हा गुन्हा होता आणि त्यासाठी त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. आई तान्ह्या आयझॅकला घेऊन तुरुंगाबाहेरच्या दगडावर बसून राहायची, असं सांगतात. विश्वासाची किंमत मोजावी लागते, हे या मुलाला बोलता येण्याआधीच घरात दिसत होतं.

मुलगा विलक्षण हुशार निघाला. लहानपणीच लॅटिन, मग ग्रीक, फ्रेंच आणि पुढे हिब्रू. गावातल्या भल्या माणसांनी विद्यापीठाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. पण ऑक्सफर्ड, केंब्रिजमध्ये शिकायचं तर चर्च ऑफ इंग्लंडचं होणं भाग होतं. सोळा वर्षांच्या आयझॅकने नकार दिला आणि १६९० मध्ये तो लंडनजवळ थॉमस रो यांच्या अकॅडमीत शिकायला गेला. करिअर की विवेक, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. गंमत म्हणजे पुढे त्यांनी तर्कशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक याच विद्यापीठांत अभ्यासाला लागलं!

शिक्षण संपवून विशीतला हा तरुण घरी परतला. दर रविवारी उपासनेत जे गायन चालायचं, ते काही त्याच्या पचनी पडेना.

ते गायन कसं होतं, हे समजून घ्यायला हवं. उपासनेत फक्त देवाचे शब्द गायचे, माणसाने रचलेली गीतं नाहीत, अशी तेव्हाच्या बहुतेक इंग्रज मंडळ्यांची धारणा होती. त्यामागे वचनाबद्दलचा खरा आदर होता. म्हणून पद्यात बसवलेली स्तोत्रंच गायली जात. १५६२ मध्ये पूर्ण झालेलं स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांचं स्तोत्रांचं पुस्तक तेव्हा घरोघरी होतं. पण मूळ अर्थाला घट्ट धरून यमक जुळवायच्या नादात त्यातली वाक्यं पार उलटीपालटी झाली होती. त्यात अनेकांना वाचता येत नसे. मग एक जण पुढे उभा राहून एक ओळ वाची आणि मंडळी ती ओढत ओढत गाई. पुन्हा थांबा, पुढची ओळ, पुन्हा गा. वाक्य अर्ध्यातच तुटायचं आणि अर्थ हातातून निसटायचा. देवाची स्तुती चाललीय आणि लोकांचे चेहरे मात्र कोरे, हे वॉट्स यांना सहन होईना.

त्यांनी घरी तक्रार केली. वडिलांनी म्हणे त्यांना सरळ सुनावलं की जमत असेल तर याहून चांगलं लिहून दाखव. पोराने ते मनावर घेतलं. त्याच दिवशी संध्याकाळच्या उपासनेसाठी एक नवं गीत तयार झालं, अशी कथा आहे. पुढची दोन वर्षं ते लिहीतच राहिले.

१७०२ मध्ये ते लंडनच्या मार्क लेन इथल्या मंडळीचे पाळक झाले. १७०७ मध्ये त्यांचा गीतसंग्रह आला. पण शरीर साथ देत नव्हतं. मुळात अंगकाठी लहान आणि त्यात सतत आजारपण. १७१२ मध्ये तापाने असं काही गाठलं की पुढची काही वर्षं व्यासपीठावर उभं राहणंच बंद झालं. तिशीतला, नाव झालेला उपदेशक आणि एकदम आवाजच गेल्यासारखा! सर थॉमस ॲबनी आणि त्यांच्या पत्नी लेडी मेरी यांनी त्यांना विश्रांतीसाठी घरी बोलावलं. काही दिवसांसाठी आलेला हा पाहुणा त्या कुटुंबात छत्तीस वर्षं, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत राहिला. मंडळीनेही आपल्या आजारी पाळकाला सोडलं नाही. सहकारी सॅम्युएल प्राइस यांनी कामाचा भार उचलला.

या आजारपणाच्या वर्षांनंतर, १७१९ मध्ये, त्यांचं सर्वात धाडसी पुस्तक आलं. त्यात दाविदाची स्तोत्रं होती, पण नव्या कराराच्या भाषेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. दावीद ख्रिस्ताच्या येण्याआधी गात होता आणि आपण ख्रिस्त आल्यानंतर गातोय. मग जे अजून व्हायचंय अशा सुरात त्याने गायलं, ते आपण झालंय अशा सुरात का गाऊ नये? म्हणून स्तोत्र ७२ मधल्या राजाला त्यांनी येशूच्या नावाने गायलं. स्तोत्र ९८ चं ‘जॉय टू द वर्ल्ड’ झालं. स्तोत्र ९० मधून पिढ्यानपिढ्यांचा आसरा असलेल्या देवाचं गीत निघालं. ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरला युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते आजही गातात. वॉट्स यांच्या साउथॅम्प्टन गावातल्या सिव्हिक सेंटरच्या घड्याळातूनही त्याची चाल वाजते.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली होती. साध्या माणसांना चाली मोजक्याच येतात. म्हणून त्यांनी बहुतेक गीतं दोन-तीन ठरावीक छंदांत बसवली. एक चाल आली की त्या छंदातली सगळी गीतं गाता येतात. अभंगाची एक चाल येत असेल तर दुसरा अभंगही त्यात म्हणता येतो ना, अगदी तसंच.

सगळ्यांना हे आवडलं असं मुळीच नाही. देवाचे शब्द काढून माणसाचे घातले, असा आरोप झाला. या वादावरून अमेरिकेत तर मंडळ्या दुभंगल्या. आणि खरं सांगायचं तर विरोधकांची भीती अगदीच पोकळ नव्हती. स्तोत्रं ‘आपली’ करताना वॉट्स यांनी काही ठिकाणी इस्राएलच्या जागी चक्क ब्रिटन घातलं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या लोकांना ते शब्द बदलून घ्यावे लागले!

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. १५० पैकी १३८ स्तोत्रांवरच त्यांनी गीतं रचली. शत्रूंना शाप देणारे भाग ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाहीत, म्हणून त्यांनी ते गाळले. प्रभूने शत्रूंवर प्रेम करायला शिकवलंय, त्यामुळे त्यांची अडचण आपण समजू शकतो. पण सोडलेल्या बारांत बाबेलच्या नदीकाठी रडणाऱ्यांचं १३७ वं स्तोत्र होतं आणि अंधारातच संपणारं ८८ वंही होतं. ज्या माणसाने स्वतः काळोखाची वर्षं काढली, त्याच्याच पुस्तकात सर्वात काळोखं स्तोत्र नव्हतं. ही उणीव १९व्या शतकाच्या सुरुवातीला येल कॉलेजचे अध्यक्ष टिमथी ड्वाइट यांनी भरून काढली.

पण परमेश्वर कशाचं काय करील, सांगता येत नाही. अमेरिकेत गुलामगिरीत पिचलेल्या आफ्रिकन लोकांनी वॉट्स यांची गीतं उचलली. एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती संथ, खोल सुरात गायची. तीच पद्धत, जी वॉट्स यांना रटाळ वाटली होती! त्या लोकांनी तिच्यात आपलं सगळं दुःख ओतलं. त्यांच्या मंडळ्यांत या गायनपद्धतीला आजही ‘डॉ. वॉट्स’ म्हणतात. पुस्तकात जागा न मिळालेला विलाप अशा रीतीने सुरांत परत आला.

२५ नोव्हेंबर १७४८ रोजी वॉट्स प्रभूकडे गेले. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये त्यांची कबर आहे.

मित्रांनो, आता आपल्याकडे वळू या. आत्म्याने गावं आणि बुद्धीनेही गावं, हे पौलाने करिंथच्या मंडळीला शिकवलं. वॉट्स आयुष्यभर याचसाठी झटले. आपल्या महाराष्ट्रातही नारायण वामन टिळकांना हाच ध्यास होता. परक्या चालींवरच्या भाषांतरांवर ते थांबले नाहीत, येशूची भक्ती त्यांनी अभंगात आणि भजनात आणली. म्हणून ‘उपासना संगीत’ उघडलं की ती गीतं आपल्या आजीचीही वाटतात आणि आपलीही.

पण आपल्या आजच्या वर्शिप सेटकडे बघा. कीबोर्ड, गिटार, स्क्रीनवर शब्द, सगळं आहे. गाणी मात्र बहुतेक विजयाची आणि आनंदाची. नोकरी गेलेला, घरात आजारपण असलेला, रात्र रात्र झोप न लागणारा कोणी तरी त्याच रांगेत उभा असतो. तो टाळ्या वाजवतो, पण त्याच्या मनातलं एक वाक्यही त्या स्क्रीनवर येत नाही. हळूहळू त्याला वाटायला लागतं की देवासमोर यायचं तर हसतच यावं लागतं. स्तोत्रसंहिता असं कुठेही सांगत नाही. तिच्यात रडणं आहे, तक्रार आहे, गप्प देवाला मारलेली हाक आहे. आणि हे सगळं देवाने आपल्या वचनात ठेवून घेतलंय. वॉट्स यांनी स्तोत्रं आपल्या तोंडी आणून दिली. त्यांनी सोडलेली बाराही आता आपण गायला हवीत.

आज हे करून पाहा: स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. शेवट बदलायचा प्रयत्न करू नका, आहे तसंच देवासमोर ठेवा. मग स्तोत्र ९० वाचा. तुमच्या युथ ग्रुपमध्ये कोणी गाणी बसवत असेल, तर या महिन्यात विलापाचं एक तरी स्तोत्र मराठीत, सगळ्यांना येणाऱ्या साध्या चालीत बसवा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, वधस्तंभावर तूही स्तोत्रातलेच शब्द उच्चारलेस. आमचा आनंद आणि आमचे अश्रू, दोन्ही तुझ्यापुढे गायला आम्हाला शिकव. आमच्या रांगेत गप्प उभ्या असलेल्या भावाला, बहिणीला आमच्या गाण्यात जागा मिळू दे. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.