गाव एक, घरे अनेक

निवडणुकांचा हंगाम जवळ आला की वृत्तपत्रांचे स्तंभ जातींच्या बेरजा-वजाबाक्यांनी भरून जातात. अमुक तालुक्यात अमुक समाज प्रबळ, तमुक गाव तमुक समाजाच्या मुठीत, असे ठोकताळे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जातात. जणू काही प्रत्येक जात एकाच तोंडाने बोलते आणि एकाच हाताने मत टाकते! हे ठोकताळे बांधणाऱ्यांनी एका माणसाचे चरित्र आणि त्याची अभ्यासपद्धती अवश्य ध्यानी घ्यावी, असे आम्हांस वाटते. तो माणूस म्हणजे भारतीय समाजशास्त्राच्या पहिल्या फळीतील पंडित, डॉ. श्यामाचरण दुबे.

दुबे यांचा जन्म 1922 सालचा, तेव्हाच्या मध्यप्रांतातला. त्यांचे उच्च शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले. मूळ विषय राज्यशास्त्र. परंतु मन रमले ते छत्तीसगडच्या रानावनांत. तेथील लोकगीते त्यांनी गोळा केली, कमार या आदिवासी जमातीत राहून तिचा अभ्यास केला आणि 1951 साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या सहधर्मचारिणी लीला दुबे या माहेरच्या आंबर्डेकर, म्हणजे मराठी घरातल्या. आणि पुढे स्वतःच्या कर्तृत्वाने मानवशास्त्रात मान्यता पावलेल्या. नागपूर व लखनौ येथे अध्यापन करून दुबे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आले. निजामाच्या राज्यातील गोंडांचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी तेथे या शास्त्राचा पाया घातला होता.

दुबे ज्या हैदराबादेत आले ते एका युगान्तातून नुकतेच बाहेर पडत होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली होती. 1949 साली जहागिरी रद्द झाल्या, 1950 साली कुळकायदा झाला, आणि तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा 1951 साली मागे घेण्यात आला. ज्या मुलुखात जमिनीसाठी इतके रक्त सांडले, त्या मुलुखातील गाव आतून कसे आहे, हा प्रश्न केवळ पंडितांपुरता राहिला नव्हता. आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता, हे येथे विसरून चालणार नाही.

दुबे यांनी हैदराबाद शहरापासून जवळचे शामीरपेट हे गाव निवडले. 1951-52 या काळात उस्मानिया विद्यापीठाच्या समाजसेवा प्रकल्पाद्वारे त्याचा अभ्यास झाला. तोवरची रूढी अशी, की एकट्या अभ्यासकाने एखाद्या वस्तीत वर्ष-दोन वर्षे राहावे आणि टिपणे करावीत. दुबे यांनी शेतकी, पशुवैद्यक, वैद्यक अशा निरनिराळ्या शाखांतील माणसांचे पथक बरोबर घेतले. दुखणेकऱ्यास औषध द्यावे, गुरांवर उपचार करावेत, आणि त्याच ओघात गावाचे अंतरंग जाणून घ्यावे, अशी ती रीत होती. यातून 1955 साली ‘इंडियन व्हिलेज’ हा ग्रंथ आला आणि एका तेलुगू गावाचे नाव जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले.

या ग्रंथातील एक मुद्दा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. शामीरपेटमध्ये ब्राह्मण, कापू, गोल्ला, कुम्मरी, चाकली, माला, मादिगा अशा जाती होत्या, मुसलमान होते. जातींची उतरंड तेथे होतीच. परंतु गावात एखाद्या माणसाचे वजन कशाने ठरते, असे विचारता दुबे यांना सहा गोष्टी आढळल्या: धर्म व जात, जमिनीची मालकी, संपत्ती, सरकारी नोकरीतील वा गावकारभारातील स्थान, वय, आणि व्यक्तीचे स्वतःचे गुण. जात ही त्या सहांतील एका गोष्टीचा भाग. अर्थात बलवत्तर भाग.

याच जागी मालवणचे सुपुत्र डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांची आठवण होते. 1932 सालच्या आपल्या ग्रंथात घुर्ये यांनीही सहाच लक्षणे सांगितली होती. पण ती जातिसंस्थेची. समाजाचे तुकडे, त्यांची उच्चनीचता, अन्नव्यवहाराचे निर्बंध, नागरी व धार्मिक हक्कांतील भेद, व्यवसायाची बंधने आणि विवाहाची बंधने, ही ती होत. संस्कृत ग्रंथ, इतिहास आणि वर्तमानातील माहिती यांचा मेळ घालून घुर्ये यांनी संपूर्ण हिंदुस्थानातील जातीचे रूप रेखाटले. दुबे यांनी एकाच गावात उभे राहून, जातीच्या जोडीला तेथे आणखी काय चालते, ते पाहिले. या दोन पद्धती परस्परविरोधी आहेत असे मानणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. वृक्षाची जात वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथावरून कळते. आपल्या परसातील आंबा यंदा का मोहरला नाही, हे मात्र परसात गेल्यावाचून कळत नाही.

दुबे आणि त्यांच्या समकालीनांच्या ग्रामअभ्यासांवर पहिला मोठा आक्षेप आला तो परदेशातून. फ्रेंच पंडित लुई द्यूमाँ आणि इंग्रज अभ्यासक डेव्हिड पोकॉक यांनी 1957 साली असे प्रतिपादन केले, की हिंदुस्थानात गाव ही केवळ घरांची जागा असून समाजाचे खरे सूत्र जात हेच होय. या आक्षेपात तथ्य आहे. सोयरीक गावाबाहेर होते, जातीचा न्यायनिवाडा गावाच्या वेशीपाशी थांबत नाही. परंतु आपल्या किनाऱ्यावरील माणसास हे पूर्णतः पटणार नाही. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारी जावी, देवळातला पहिला मान कोणाचा, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणारी माणसे गावाला निव्वळ जागा मानीत नाहीत. दुबे यांनीही गावास सर्वस्वी स्वयंपूर्ण मानले नव्हते. जात, गाव आणि प्रदेश हे तिन्ही धागे एकत्र पाहावेत, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरा वाद स्वदेशातला आणि अधिक जिव्हाळ्याचा. घुर्ये यांचे शिष्य डॉ. म. ना. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील एका गावाच्या अभ्यासातून प्रबळ जातीची कल्पना मांडली. संख्या, जमीन, विधींतील बऱ्यापैकी वरचे स्थान, शिवाय शिक्षण व नोकऱ्या ज्या जातीपाशी असतील ती गावावर वर्चस्व गाजवते, असा तिचा आशय. आज राजकीय चर्चांत जो प्रबळ समाज रोज कानी पडतो, त्याचे मूळ येथे आहे. दुबे यांनी 1968 साली यावर नेमके बोट ठेवले. सत्ता खरोखरी साऱ्या जातीत पसरली असेल तरच त्या जातीस प्रबळ म्हणावे. ती चार घरांत एकवटली असेल, तर प्रबळ आहेत ती चार घरे, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच जातीतला भूमिहीन मजूर त्या घरांच्या अंगणात हात जोडूनच उभा असतो, आणि त्या घरांचे आपसांतही तट असतात.

या वादात कोणाची बाजू खरी? आमच्या मते श्रीनिवासांचे म्हणणे सर्वस्वी टाकून देता येणार नाही. प्रबळ जातीतील गरिबालाही तंट्याच्या वेळी जातीचा आधार मिळतो, आणि तो खालच्या समजल्या गेलेल्या जातीतील माणसास मिळत नाही. तथापि, जातीच्या नावाने सांगितलेली सत्ता प्रत्यक्षात किती घरांत पोहोचली हे मोजून पाहा, हा दुबे यांचा आग्रह शास्त्रशुद्ध आहे. जुन्या कोकणात खोत आणि कूळ कधी एकाच जातीचेही असत. म्हणून कुळाची वेठ हलकी झाली नव्हती.

हा वाद ग्रंथांपुरता नव्हता, याचा पुरावा दुबे यांनीच आधी दिला होता. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकासाचा कार्यक्रम सुरू झाला, तो गाव हे एक कुटुंब आहे अशा श्रद्धेने. उत्तर प्रदेशातील गावांत या कार्यक्रमाची पाहणी करून 1958 साली दुबे यांनी निष्कर्ष मांडला, की शेतीसुधारणेचा बराचसा लाभ मुळात सधन व वजनदार असलेल्या शेतकऱ्यांनाच पोहोचला. सरकारी कामाशी जवळून संबंध आलेल्या अभ्यासकाने सरकारी श्रद्धेस असा धक्का द्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. दुबे यांच्याजवळ वर्णन आहे, सिद्धान्त नाही, अशी टीका काहींनी केली. आमचे उत्तर असे, की जे वर्णन सोयीच्या सिद्धान्ताला खोटे पाडते त्याची किंमत सिद्धान्ताहून कमी नसते.

पुढे दुबे यांनी सागर विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन केले, सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेचे संचालकपद आणि जम्मू विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. हिंदीतूनही त्यांनी विपुल व सुबोध लेखन केले. मूर्तिदेवी पुरस्कार त्याचीच पावती होय. 1996 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीचा पुढचा टप्पा मात्र लीला दुबे यांनी गाठला. लक्षद्वीपातील मातृवंशीय मुसलमानांपासून एकूण भारतीय स्त्रीच्या स्थितीपर्यंत अभ्यास करून त्यांनी दाखविले, की कुटुंबातही सत्ता आणि संपत्ती सर्वांना सारखी मिळत नाही. गाव एक नाही, जात एक नाही, आणि घरसुद्धा एक नाही!

आज शामीरपेट हैदराबादच्या विस्तारात सामील झाले आहे. तेथे विधी विद्यापीठ उभे आहे, जमिनीला शहरी भाव आहे. दुबे यांनी पाहिलेले गाव उरलेले नाही. त्यांचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. एखाद्या समाजाला काही मिळाले असे सांगितले जाते, तेव्हा ते त्या समाजातील कोणाला मिळाले? राज्यकर्त्यांनी, आरक्षणाच्या समर्थकांनी व विरोधकांनी, तसेच जातींची गणिते मांडणाऱ्या पत्रकारांनी हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. त्याचे उत्तर जातींच्या बेरजेत सापडत नाही. त्यासाठी गावात जाऊन घरोघर चौकशी करावी लागते.